चाचा नंबर वन!

एरॉल फ्लिनचा 'कॅप्टन ब्लड' बघायला बेस्ट जागा कुठली? मुंबईतला एखादा फिल्म क्लब? छे! माझं उत्तर आहे, नागोठणे. हसू नका. आधी वाचा तर.

पायरेट म्हटलं की डोळ्यांपुढे कोण येतं? काजळ घातलेला, झुलत चालणारा जॉनी डेप. बरोबर? आपल्या पिढीचा पायरेट तोच. पण ज्यांच्या पुण्याईवर या कॅप्टन जॅक स्पॅरोचं दुकान चाललं, त्या आजोबांना आपण पार विसरून गेलोय. आजोबांचं नाव एरॉल फ्लिन, सिनेमा 'कॅप्टन ब्लड', साल १९३५. ब्लॅक अँड व्हाइट आहे म्हणून नाक मुरडू नका. दोरावरून लटकत दुसऱ्याच्या जहाजावर उडी मारणं, दातओठ खात नव्हे तर हसत हसत तलवार चालवणं, शत्रूला टोमणा मारूनच वार करणं हा सगळा फंडा फ्लिनने जगभर पोचवला. बाकीचे अजून त्याचीच कॉपी मारतायत.

गंमत म्हणजे हा रोल त्याचा नव्हताच. वॉर्नर ब्रदर्सला हवा होता रॉबर्ट डोनाट, तेव्हाचा मोठा ब्रिटिश स्टार. ते काही जमलं नाही. मग दिग्दर्शक मायकेल कर्टिझच्या (हो, पुढे 'कॅसाब्लांका' करणारा तोच) वाट्याला आला टास्मानियात जन्मलेला, पंचवीस-सव्वीस वर्षांचा, फारसा कुणाला माहीत नसलेला हा पोरगा. हिरॉइन ऑलिव्हिया डी हॅविलँड, वय वर्षं १९. संगीत व्हिएन्नाहून आलेल्या कोर्नगोल्डचं, तेही अवघ्या तीन आठवड्यांत उरकलेलं. म्हणजे सगळा मामला रिस्कीच. सिनेमा तुफान चालला, सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी त्याला नॉमिनेशन मिळालं आणि फ्लिन रातोरात स्टार झाला. समुद्रावरच्या लढाया आजही सॉलिड वाटतात. पण त्यातली बरीचशी जहाजं छोटी मॉडेल्स आहेत आणि काही शॉट्स तर १९२४च्या 'द सी हॉक' या मूकपटातून उचललेत. पायरेट्सच्या सिनेमात लुटीचा माल वापरायचा, याहून योग्य काय!

गोष्ट राफाएल साबातिनीच्या १९२२च्या कादंबरीवरची. साबातिनीचा बाप इटालियन, आई इंग्लिश, जन्म इटलीतला आणि लिहायचा इंग्रजीत. त्याचा हिरो पीटर ब्लड हा आयरिश डॉक्टर आहे. १६८५ साली इंग्लंडमध्ये राजा जेम्सविरुद्ध ड्यूक ऑफ मॉनमथने बंड केलं. ब्लडचा बंडाशी काडीचा संबंध नाही. रात्री दारावर थाप पडते, एक बंडखोर जखमी आहे, डॉक्टर जातो आणि मलमपट्टी करतो. बस्स, एवढाच त्याचा गुन्हा. कोर्टात जज जेफ्रीज फाशी सुनावतो. मग राजाच्या लक्षात येतं की मेलेल्या माणसाचे पैसे येत नाहीत, जिवंत माणसाचे येतात. या कैद्यांना वेस्ट इंडीजमध्ये गुलाम म्हणून विकायला काढतात. सिनेमात ब्लडला जमैकाच्या पोर्ट रॉयलमध्ये भर बाजारात दहा पौंडांना विकत घेते, कोण? हिरॉइन! (लव्ह स्टोरीची अशी सुरुवात यश चोप्रांनाही सुचली नसती.) ही नुसती कल्पनेची भरारी नाहीये. हेन्री पिटमन नावाचा खराखुरा सर्जन याच बंडानंतर बार्बाडोसला पाठवला गेला, तिथून निसटला आणि १६८९ मध्ये त्याने आपली हकिकत छापली. साबातिनीने धागा उचलला तो तिथून.

पुढे स्पॅनिश जहाज गावावर हल्ला करतं, खलाशी गावात उतरून दारू पीत बसतात आणि ब्लड अँड कंपनी त्यांचंच जहाज पळवते. डॉक्टरचा झाला पायरेट. लढाया, लूट, हिरॉइनची सुटका, समुद्रकाठच्या खडकांवर बेसिल रॅथबोनशी ती फेमस तलवारबाजी... आणि शेवट? इंग्लंडमध्ये राजा बदलतो. नव्या राजाचा दूत ब्लडच्या हातात एक कागद ठेवतो, तुला माफी आणि नेव्हीतली नेमणूक. कालचा चाचा आज आरमाराचा अधिकारी होतो, फ्रेंचांना हाणतो आणि थेट जमैकाचा गव्हर्नर होऊन खुर्चीत बसतो.

माणूस तोच, तलवार तीच, जहाजसुद्धा तेच. बदलला फक्त कागद. मास कॉमला असताना पहिल्यांदा हा सिनेमा पाहिला तेव्हा मी फ्लिनच्या हसण्यावर फिदा होते, या कागदाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात नागोठण्याला मावशीकडे पुन्हा पाहिला आणि तो कागदच डोक्यात अडकून बसला.

खाडीकाठचा होम थिएटर

मुंबई-गोवा हायवेवर पेण गेलं, वडखळ गेलं की येतं ते नागोठणे. बहुतेक मुंबईकरांसाठी हे गाव म्हणजे एसटीच्या खिडकीतून दिसणारी पाटी, पेट्रोकेमिकल प्लँट आणि वर्षानुवर्षं चाललेलं रस्त्याचं चौपदरीकरण. पण जरा हायवे सोडून आत शिरा. अंबा नदीवर दगडी कमानींचा एक जुना पूल आहे, निजामशाहीच्या काळातला, सोळाव्या शतकाच्या अखेरीचा. चौलसारख्या श्रीमंत बंदराकडे जाणारी वाट होती ती. आणि नदी म्हणजे नुसती नदी नव्हे, ती खाली धरमतरच्या खाडीला मिळते आणि खाडी रेवसपाशी समुद्राला. भरतीच्या पाण्यावर गलबतं इथपर्यंत यायची. एकोणिसाव्या शतकात महाबळेश्वरला हवापालटाला निघालेले साहेबलोक मुंबईहून होडीने नागोठण्याला उतरायचे आणि इथून पुढे महाडमार्गे घाट चढायचे. म्हणजे आज जिथे आपण वडापावसाठी पाच मिनिटं थांबतो, ते एकेकाळी चक्क बंदर होतं!

मावशीकडे अजून डीव्हीडी प्लेअर चालू आहे. मी 'कॅप्टन ब्लड'ची ओरिजिनल डीव्हीडी घेऊन गेले होते. (पायरेट्सचा सिनेमा पायरेटेड कॉपीवर बघायचा मोह आवरला हं!) प्रेक्षक तीन : मी, वहिनी आणि नऊ वर्षांचा पुतण्या. सबटायटल्स वाचायचा त्याला कंटाळा, म्हणून मी धावतं समालोचन करत होते. "आता हा चाचा झाला," असं मी म्हटल्यावर त्याने अत्यंत गंभीरपणे विचारलं, "आत्या, चाचा नेहरूंसारखा चाचा?" वहिनी आणि मी लोळलो. खरंच, मराठीत पायरेटला हा शब्द असा मिळालाय की ऐकणाऱ्याला कुणाचा तरी प्रेमळ काका वाटावा.

मावशी मात्र बाहेर आलीच नाही. स्वयंपाकघरात भांडी आवाज करत होती, जरा जास्तच. शेवटी मी आत गेले. "अगं, ये ना बघायला, मस्त आहे." ती म्हणाली, "तुम्ही बघा. ज्याचं पोर जहाजावर असतं ना, त्याला चाच्यांची गंमत नसते वाटत."

माझा मावसभाऊ मर्चंट नेव्हीत आहे. सेकंड इंजिनिअर. आम्ही टीव्हीपुढे बसलो होतो तेव्हा तो अरबी समुद्रातच कुठेतरी होता. कोकणातल्या कितीतरी घरांत हे असंच असतं, भिंतीवर जहाजाचा फोटो, फोनवर दोन घड्याळं, एक इथलं आणि एक 'त्याच्या' वेळेचं. सोमाली चाच्यांनी २००८ नंतर जो धुमाकूळ घातला तेव्हा अपहरण झालेल्या जहाजांवरचे भारतीय खलाशी महिनोन्‌महिने ओलीस राहिले. त्या काळात दादा नुकताच कॅडेट म्हणून लागला होता. सुट्टीवर आला की तो सांगायचा, धोक्याचा पट्टा आला की रेलिंगभोवती काटेरी तारांची वेटोळी घालतात, पाण्याचे पाइप बाहेरच्या बाजूला रोखून जोडून ठेवतात, दुर्बिणीवर जादा माणसं लावतात. आणि सगळ्यांनी मिळून लपायची एक खोली ठरवलेली असते. तिला म्हणतात सिटाडेल, म्हणजे बालेकिल्ला. पोलादी दार, आत पाणी, खायला आणि संपर्काचं यंत्र. जानेवारी २०२४ मध्ये 'लीला नॉरफोक' या जहाजावर चाचे चढले तेव्हा आतले २१ जण, त्यात १५ भारतीय, असेच बालेकिल्ल्यात दडून बसले आणि 'आयएनएस चेन्नई'वरच्या आपल्या मार्कोस कमांडोंनी येऊन त्यांना सोडवलं. मावशीला हे आकडे पाठ आहेत. जहाजांची नावं पाठ आहेत. मला एरॉल फ्लिनच्या नायिकांची नावं पाठ आहेत, तिला ही.

तिचं म्हणणं मी डायरीत लिहून ठेवलंय, कारण त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. "सिनेमात जहाज लुटतात ना, त्या लुटलेल्या जहाजावर कुणाची तरी पोरं असतात. त्यांची गोष्ट कोण सांगणार?"

आमचा तो सरखेल, त्यांचा तो पायरेट

आता नागोठण्याच्या खाडीतून मनातल्या मनात होडी सोडा. धरमतर, रेवस, बाहेर समुद्र, डावीकडे वळा. थळच्या समोर दोन बेटं दिसतील, खांदेरी आणि उंदेरी. अजून खाली अलिबागचा कुलाबा किल्ला. हा सगळा एरिया कुणाचा? कान्होजी आंग्र्यांचा. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने त्यांची छत्रपती शाहू महाराजांशी दिलजमाई झाली आणि 'सरखेल' म्हणजे आरमारप्रमुख हे पद पक्कं झालं. खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग असे एकाहून एक किल्ले ताब्यात. आपल्या पाठ्यपुस्तकात ते मराठ्यांचे दर्यासारंग. आणि इंग्रजांच्या पुस्तकात? १७३७ साली लंडनमध्ये क्लेमंट डाऊनिंग नावाच्या इसमाने या लढायांवर पुस्तक काढलं. तो स्वतः त्या मोहिमांत होता. पुस्तकाच्या नावातच छापलंय, 'आंग्रिया द पायरेट'.

भांडण कशाचं होतं? परत कागदाचंच! आपल्या हद्दीतून व्यापारी जहाज न्यायचं तर आंग्र्यांचा दस्तक घ्या, पैसे भरा, मग तुम्हाला कुणी हात लावणार नाही. दस्तक नसेल तर जहाज जप्त. ऐकायला खंडणी वाटते ना? पण ही आयडिया कान्होजींची नव्हे. त्यांच्या दोनशे वर्षं आधीपासून पोर्तुगीज या समुद्रात 'कार्ताझ' नावाचा असाच परवाना विकत होते आणि तो नसलेली जहाजं बिनदिक्कत लुटत होते. त्यांना कुणी पायरेट म्हणत नव्हतं, कारण पाठीशी लिस्बनचा राजा. इंग्रज कंपनीचे स्वतःचे पास होतेच. वर स्थानिक व्यापाऱ्यांच्या मालावर इंग्रजी निशाण चढवून तो बिनदस्तक काढायचीही सोय होती. मग आंग्रे का ऐकून घेतील? १७२४ मध्ये मुंबईचा गव्हर्नर फिप्स याच्याबरोबर त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात लुटीचा मुद्दा निघाल्यावर कान्होजींनी जवळजवळ असं सुनावलंय की परक्याचं आपल्याला मिळावं ही हाव व्यापाऱ्यांनाही सुटलेली नाही, जगाची रीतच आहे ती. क्या बात है! फ्लिनच्या तोंडी शोभला असता असा डायलॉग, आणि हा तर चक्क कंपनी सरकारच्या दप्तरातला.

लढायची त्यांची स्टाइल समजून घ्यायची तर पुन्हा खाडीच पाहावी लागते. इंग्रजांची जहाजं मोठी, उंच, तोफांनी भरलेली, पण वाऱ्याची गुलाम. वारा पडला की ठप्प. आंग्र्यांची गुराबं आणि गलबतं उथळ पाण्यात चालणारी. गलबतांना शिडांच्या जोडीला वल्ही. वारा पडला की ती मोठ्या जहाजाच्या मागच्या बाजूने जमायची, कारण तिथे तोफा कमी. शिडं, डोलकाठ्या फोडून जहाज लंगडं करायचं, मग चढायचं. आणि पाठलाग झालाच तर शिरायचं खाडीत. भरती-ओहोटीचं गणित ज्याला तोंडपाठ तोच आत जाणार, बाकीचे गाळात. 'कॅप्टन ब्लड'मध्ये समोरासमोर तोफा डागत दोन जहाजं भिडतात ते दिसायला जबरदस्त असतं, पण अक्कल आपल्याकडच्या पद्धतीत जास्त होती असं माझं प्रामाणिक मत आहे.

गव्हर्नर चार्ल्स बून याने आंग्र्यांचा काटा काढायचा चंगच बांधला होता. १७१७ मध्ये विजयदुर्ग, १७१८ मध्ये खांदेरी, १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्ग, तिन्ही वेळा हात हलवत परत. मग आली १७२१ची मोहीम, आणि इथे हॉलिवूडशी खरा धागा जुळतो. त्या वर्षी इंग्लंडच्या राजाने कमोडोर थॉमस मॅथ्यूजला जहाजं देऊन हिंदी महासागरात धाडलं ते मादागास्करच्या गोऱ्या पायरेट्सना पकडायला. हे लोक खरोखरचे 'ट्रेझर आयलंड'वाले! स्टीव्हन्सनच्या त्या कादंबरीत लाँग जॉन सिल्व्हरचा पोपट आठवतो? सिल्व्हर सांगतो की हा पोपट गोव्याहून निघालेल्या व्हाइसरॉयचं जहाज लुटलं तेव्हा हजर होता. ती लूट खरीखुरी आहे, १७२१ची, रियुनियन बेटापाशी झालेली. म्हणजे डिस्नेने १९५०च्या 'ट्रेझर आयलंड'मध्ये ज्या पायरेटला अजरामर केलं, त्याच्या पोपटाचा पत्ता गोव्याच्या वाटेवर सापडतो. तर अशा लोकांना पकडायला निघालेला मॅथ्यूज मुंबईत आला, आणि पायरेट राहिले बाजूला, बूनच्या आणि पोर्तुगीजांच्या जोडीने त्याने हल्ला केला तो अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर. तोही फसला. बाजीराव पेशवे कुमक घेऊन आले, पोर्तुगीजांनी तह करून टाकला. भडकलेल्या मॅथ्यूजने पोर्तुगीज सेनापतीच्या तोंडात आपली छडी खुपसली, असं डाऊनिंग सांगतो. कॉमेडी सीन आयता तयार आहे.

अजून एक. याच डाऊनिंगने जेम्स प्लँटेन नावाच्या एका पायरेटची हकिकत दिली आहे. जन्म जमैकाचा, मादागास्करवर स्वतःला राजा म्हणवून घेतलं, तिथे पाय टिकेना तेव्हा निघाला आणि येऊन नोकरीला लागला कुठे? आंग्र्यांच्या आरमारात. पोर्ट रॉयल ते कोकण, अख्खा सिनेमा आहे या एका माणसात.

मिसेस चाऊनचं काय?

इथवर मी जाम फॉर्मात होते. कान्होजींना पायरेट म्हणणं म्हणजे अन्याय, संपला विषय, असा लेख मनात तयारही झाला होता. पण मावशीचा प्रश्न काही पाठ सोडेना. लुटलेल्या जहाजावर कोण होतं?

१७१२ मध्ये कारवारहून मुंबईकडे निघालेली दोन इंग्रज जहाजं कान्होजींच्या आरमाराने गाठली. एक होती मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौका, दुसरं 'अ‍ॅन' नावाचं जहाज. नौकेवर थॉमस चाऊन हा कंपनीचा अधिकारी होता, बरोबर त्याची बायको कॅथरीन. तोफेचा गोळा लागून चाऊन तिच्या डोळ्यांदेखत मेला. ती पकडली गेली. १७१३च्या सुरुवातीला कंपनीशी समझोता झाला आणि ३०,००० रुपये खंडणी घेऊन तिला मुंबईला सोडण्यात आलं. 'कॅप्टन ब्लड'मध्ये हिरॉइनला फ्रेंच पायरेट पकडतो आणि ब्लड तिच्यासाठी मोती मोजतो, लगेच व्हायोलिनं सुरू होतात. कॅथरीनच्या वेळी व्हायोलिनं वाजली नसणार. रुपये मोजल्याचा आवाज आला असेल.

म्हणजे दोन्ही गोष्टी खऱ्या. कान्होजी स्वराज्याचे सरखेल होते, आणि त्यांच्या कैदेतली एक तरुण विधवा रोज दिवस मोजत होती. मला वाटतं आपण पहिली गोष्ट एवढ्या मोठ्याने सांगतो की दुसरी ऐकूच येत नाही. आणि इंग्रजांनी दुसरी एवढी वाजवली की पहिली बुडाली. बरं, त्यांचे हात तरी कुठे स्वच्छ? १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला तो कान्होजींच्या मुलाकडून, तुळाजी आंग्र्यांकडून. जोडीला चक्क नानासाहेब पेशवे! मराठ्यांचं बलाढ्य आरमार बंदरातच जळून गेलं आणि किल्ल्यातला सुमारे दहा लाखांचा ऐवज साहेबांनी आपापसांत वाटून घेतला. वाटणी हुद्द्याप्रमाणे झाली, रीतसर. ब्लडच्या जहाजावर पायरेट्स करारावर सह्या करून लूट वाटून घेतात, अगदी तशीच. फक्त इथे त्याला 'प्राइझ मनी' म्हणायचं.

पुण्याची चाचीण

हॉलिवूडने आपल्या माणसांचं काय केलं ते 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'च्या २००७च्या भागात दिसतं. जगभरच्या पायरेट सरदारांच्या सभेत हिंदी महासागराचा प्रतिनिधी कोण, तर 'श्री संभाजी आंग्रिया'. कान्होजींच्या मुलाचं नाव उचललं आणि वर फेटा-दाढी चिकटवली. बारीक आवाजात दोन वाक्यं बोलून साहेब गायब. ज्या घराण्याने मुंबईच्या गव्हर्नरांची झोप उडवली, त्याच्या वाट्याला आला फक्त एक जोक.

पण आपणही काही कमी नव्हतो, आणि हे मला ही शोधाशोध करेपर्यंत धड ठाऊक नव्हतं. 'कॅप्टन ब्लड' अमेरिकेत लागला १९३५च्या डिसेंबरात. पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, पुण्यात प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'अमर ज्योती' काढला, हिंदीत. त्यात समुद्रावर राज्य करणारी चाची आहे, सौदामिनी. भूमिकेत दुर्गा खोटे! नवऱ्याने टाकलेल्या बाईला कायदा तिचं मूल देत नाही, न्याय मागायला गेली तर दरबार तिलाच झिडकारतो, म्हणून ती शस्त्र उचलते आणि पुरुषी सत्तेवर सूड उगवते. सोबत चंद्रमोहन, शांता आपटे. ब्लडला बिघडवतो एक जज, सौदामिनीला एक अख्खी समाजव्यवस्था. समुद्रापासून शंभरेक किलोमीटर दूर, आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्या प्रभातच्या आवारात हे जहाज हललं. आणि आपण २०२० नंतरही 'स्ट्राँग फीमेल लीड' म्हणून ट्रेलर शेअर करत बसतो!

मग आंग्र्यांवर तसा मोठ्या पडद्याचा सिनेमा का नको? हवाच. मनोहर माळगावकरांनी १९५९ मध्येच कान्होजींवर इंग्रजीत चरित्र लिहिलंय, मालमसाल्याची वानवा नाही. फक्त निर्मात्यांना हात जोडून विनंती, स्लो मोशनमध्ये भगवा फडकावून, ढोलताशे वाजवून त्यांना थेट देव्हाऱ्यात बसवू नका. डेकवर उभं करा. सुरुवात कारवारहून निघालेल्या नौकेवर होऊ दे, कॅथरीनच्या नजरेतून. समोरून येणारी गुराबं तिला दिसतात तशी आपल्यालाही भीतिदायक दिसू देत. मग हळूहळू कळू दे की हा माणूस कोण आहे आणि दस्तकाचं भांडण काय आहे. साबातिनीला हे बरोबर जमलं होतं, त्याचा ब्लड आपण काय होऊन बसलोय याची स्वतःला लाज वाटणारा माणूस आहे, म्हणून तर आवडतो.

हे सगळं मी रात्री जेवताना मावशीला ऐकवलं. तिने कॅथरीनची गोष्ट दोनदा विचारून घेतली. "सोडली ना शेवटी? बरं झालं बाई." मग दादाचा मेसेज आला, दोन शब्दांचा, 'क्रॉस झालो'. म्हणजे तो पट्टा ओलांडला. मावशीने फोन पालथा ठेवला आणि पुतण्याला म्हणाली, "लाव रे तो तुझा सिनेमा, ती तलवारबाजी बघू दे मला एकदा."

जाता जाता एक. मुंबईतल्या नौदलाच्या तळाचं नाव 'आयएनएस आंग्रे' आहे. मार्च २०२४ मध्ये 'आयएनएस कोलकाता'ने 'रुएन' हे पळवलेलं जहाज चाळीसेक तासांच्या कारवाईनंतर सोडवलं, १७ खलाशी सुखरूप बाहेर काढले आणि शरण आलेल्या ३५ सोमाली चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केलं. भारताने २०२२ मध्ये खास चाचेगिरीविरोधी कायदा केलाय, त्यामुळे आता खटला चालवायला कागदही पक्का आहे. आणि हो, या सोमाली चाच्यांपैकी काहीजण सुरुवातीला स्वतःला आपल्या किनाऱ्याचे रखवालदार म्हणवून घेत होते, परदेशी ट्रॉलर आमचे मासे चोरतात म्हणून.

विकेंडचा प्लॅन हवा असेल तर असा करा. सकाळी पनवेल-रोहा लाइनने नागोठणे, जुन्या पुलावर जरा रेंगाळा, मग वडखळमार्गे अलिबाग. तिथे कान्होजींची समाधी आहे, कुलाबा किल्ला ओहोटीला चालत करता येतो (वेळ आधी विचारून जा, भरती कुणासाठी थांबत नाही). पावसाळा संपला की थळच्या किनाऱ्यावरून होडी ठरवून खांदेरी. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून जी मराठ्यांची दुर्गमाला निवडली त्यात खांदेरी आहे, तेव्हा गर्दी व्हायच्या आत उरका. बेटावर वेताळाचं मंदिर आहे, दीपगृह आहे आणि एक खडक आहे, दगडाने ठोकला की भांड्यासारखा खणखणतो. आमच्या पुतण्याला तो वाजवायचाय. दादा डिसेंबरात उतरला की आम्ही सगळे जाणार आहोत, मावशीसकट. होडीत बसायला ती कबूल झाली आहे, पण लाइफ जॅकेट घालूनच.